बार्शी लाईटच्या मालगाड्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं आजोळ कुर्डुवाडी. आईचे वडील तिथल्या यार्डात आधी हमाल, पुढे मुकादम होते. त्यामुळे छोट्या गाडीचा विषय निघाला की सोलापुरातले ओळखीचे लोक मलाच धरतात. लग्नाच्या पंगतीत, पार्क चौकात चहाला थांबलो असताना, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी तोंडात कापसाचा बोळा कोंबून ठेवल्यावर. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. आधीच सांगतो, माझा जीव मालगाडीत अडकलेला आहे. खिडकीतून घेतलेल्या हुरड्याच्या आणि पेरूच्या आठवणी सांगणारे दुसरे पुष्कळ आहेत.

बार्शी लाईट म्हणजे नेमकी कोणती लाईन?

लातूर ते मिरज, मधे कुर्डुवाडी. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला. बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी. बार्शीला जायचं तर इथं उतरायचं, म्हणून ते नाव. मग १९०६ ला पंढरपूर, १९०७ ला तडवळे, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज. सगळी मिळून २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. मालकी लंडनच्या बार्शी लाईट रेल्वे कंपनीची होती. १९५४ मध्ये भारत सरकारनं ती विकत घेतली आणि लाईन मध्य रेल्वेत आली.

'लाईट' म्हणजे हलकी. लहानपणी मला वाटायचं या गाडीला दिवे जास्त असणार. प्रत्यक्षात डब्यातला दिवा लागला तर लोक एकमेकांना दाखवायचे.

ती सोलापूर शहरातून जायची का?

नाही. सोलापूरहून कुर्डुवाडी साधारण ८० किलोमीटर. तिथं मोठी गाडी सोडून छोटी धरायची. पण बार्शी, कुर्डुवाडी, मोडनिंब, पंढरपूर, सांगोला हा सगळा मधला पट्टा सोलापूर जिल्ह्याचा, म्हणून ती आमची. शिवाय होटगीहून विजापूर-गदगकडे जाणारी मीटरगेज लाईन १८८४ पासून होतीच. म्हणजे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज या तिन्ही मापांचे रूळ एका जिल्ह्यात. शाळेत हे कुणी सांगितलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. आम्हाला भाक्रा-नांगल पाठ होतं.

ही लाईन प्रवाशांसाठी काढली होती की मालासाठी?

मालासाठी. लोकांना हे पटत नाही, कारण आठवणीत राहिलेत ते डबे आणि वारकरी.

मोठी रेल्वे १८६० ला सोलापूरला पोचली. पण ती बार्शीला बगल देऊन गेली, आणि बार्शी तेव्हाही या भागातली नावाजलेली पेठ होती. बालाघाटावरचा कापूस, तूर, गळिताचं धान्य उतरून बार्शीत यायचं, तिथं सौदा व्हायचा आणि मग बैलगाड्यांच्या रांगा बार्शी रोड स्टेशनकडे लागायच्या. चौतीस-पस्तीस किलोमीटरची वाट. उन्हाळ्यात ठीक. पावसाळ्यात या भागातली काळी माती ज्यानं तुडवलीय त्याला पुढचं सांगायला नको. चाक अर्ध्यापर्यंत रुतायचं, आणि गाडीवर बसलेल्या शेठचा कापूस भिजायचा. तिकडं मुंबईचा बाजार काही थांबायचा नाही.

ही अडचण जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला), म्हणजे त्याच मोठ्या रेल्वेत नोकरी केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं हेरली. मोठी लाईन टाकायला जो खर्च येतो तेवढा माल बार्शीत नाही. पण स्वस्तात लाईन टाकली तर भरपूर आहे, असा त्याचा हिशोब होता. माणसांची तिकिटं ही त्यावरची वरकमाई. पंढरपूरला लाईन नेल्यावर वरकमाई मूळ कमाईला भारी पडली असेल, तो भाग वेगळा.

हा कॅलथ्रॉप कोण?

जन्म १८५७, मृत्यू १९२७. मिरजेपर्यंतची लाईन पुरी झाली त्याच वर्षी गेला. घोड्यांचा शौकीन, अरबी घोडे पैदास करायचा. पुढे त्यानं 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट तयार केलं आणि पहिल्या महायुद्धात ते वापरलंही गेलं. बार्शीला गाडी आणणारा माणूस आणि विमानातून उडी मारायची सोय करणारा माणूस एकच, हे आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आमच्या उतरायच्या फळीला एखादी दांडी लावायला काय झालं होतं त्याला?"

एवढ्याशा गाडीत माल मावायचा किती?

दिसायची त्याहून बराच जास्त. कॅलथ्रॉपचं डोकं इथंच होतं.

त्याचा नियम सोपा होता. कुठल्याही एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांहून जास्त वजन येता कामा नये, मग ते इंजिन असो की वाघीण, म्हणजे मालाचा डबा. बहुतेक रेल्वेत इंजिन जड आणि डबे हलके. रूळ मात्र इंजिनाला झेपतील असे जाड टाकावे लागतात. म्हणजे दिवसातून चार वेळा जाणाऱ्या एका जड वस्तूसाठी सगळ्या वाटेवर लोखंड ओतायचं. यानं उलटं केलं. इंजिनाचं वजन जास्त चाकांवर वाटून टाकलं आणि वाघिणी त्याच मर्यादेपर्यंत गच्च भरायच्या ठरवल्या. लीड्सच्या किट्सन कंपनीकडून आलेल्या पहिल्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ चाकं आणि मागं चार लहान चाकं होती. त्यामुळे सुरुवातीचे रूळ दर यार्ड (तीन फूट) लांबीला ३० पौंड वजनाचे पुरले, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज मेन लाईनवर ६० किलोचा रूळ असतो.

वाघिणी चार आसांच्या. चार पंचे वीस, म्हणजे वाघीण आणि माल मिळून वीस टन. सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा, लांबी २५ फूट, रुंदी ७ फूट. रूळ अडीच फुटांचे आणि अंग सात फुटांचं! समोरून बघितलं की बारक्या पायांवर उभी असलेली म्हैस वाटायची. सांगाडा हलका असल्यामुळे वीस टनांतला मोठा वाटा मालाला मिळायचा. म्हणून 'खेळण्यातली गाडी' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. वजनाचा एवढा काटेकोर हिशोब करून बांधलेल्या रेल्वे तेव्हा जगातही थोड्याच होत्या.

(ज्यांना 'वाघीण' शब्द ऐकून हसू येतं त्यांच्यासाठी: 'वॅगन'चं आपल्या माणसांनी केलेलं मराठी रूप आहे ते, आणि वॅगनपेक्षा छान आहे.)

कुर्डुवाडीला सगळा माल उतरवून परत चढवायचे, हे खरं का?

खरं. माझ्या मते बार्शी लाईटची खरी गोष्ट हीच आहे.

छोटी वाघीण मोठ्या रुळांवर जात नाही, मोठी छोट्यावर येत नाही. लातूरहून निघालेलं तुरीचं पोतं मुंबईला जायचं असेल तर कुर्डुवाडीला ते माणसाच्या पाठीवरून एका रेल्वेतून दुसऱ्या रेल्वेत जाणार. मधे धक्का, एका अंगाला छोटी वाघीण, दुसऱ्या अंगाला मोठी. मधलं अंतर पंधरा-वीस पावलांचं. कागदोपत्री याला ट्रान्सशिपमेंट म्हणायचे, हमालांच्या तोंडी त्याचं 'टान्शिप' झालं होतं. "आजोबा कुठं गेलेत?" "टान्शिपला." मला बरीच वर्षं ते गावाचं नाव वाटायचं.

पोतं शंभर किलोचं. दोघं जण दोन्ही टोकांना हूक लावून उचलायचे आणि तिसऱ्याच्या पाठीवर टाकायचे. तिसरा वाकून, मान खाली घालून, दोन्ही हात मागं नेऊन चालू लागायचा. पळतच म्हणा ना; वजन पाठीवर असताना हळू चालणं जास्त अवघड जातं, हे आजोबांनी सांगितलेलं. पलीकडच्या वाघिणीत थप्पी लावणारा वेगळा. थप्पी लावणं हे कसबाचं काम. पोत्याची तोंडं आत, सांधे चुकवून, दारापाशी जागा राखून लावायची. चुकीची थप्पी दौंडपर्यंत टिकत नाही, शंटिंगच्या पहिल्या धक्क्याला ढासळते.

कापसाच्या गाठीचं तंत्र निराळं. जिनिंग-प्रेसिंगमधून दाबून, लोखंडी पट्ट्या आवळून आलेली गाठ पावणेदोनशे किलोच्या आसपास. ती पाठीवर घेत नाहीत, लोटत नेतात. फळीवरून गाठ सुटली तर तिच्या वाटेत कुणी असू नये, बस.

मुकादमाचं काम ओरडण्याचं. आजोबांचा आवाज यार्डाच्या त्या टोकापर्यंत जायचा असं आजी सांगायची, आणि त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं, "पोतं उचलायलास का त्याच्याशी लगीन लावायलास?" घरी मात्र ते जवळजवळ बोलायचेच नाहीत. आईला वाटायचं बाप रागीट आहे. आता मला वाटतं, दिवसभराचा आवाज संपलेला असायचा.

या सगळ्यात पोती फाटायची. हुकानं भोकं पडायची, धान्य गळायचं. सुतळी आणि दाभण घेऊन एक म्हातारा धक्क्यावर बसलेला असायचा, त्याचं काम फक्त शिवायचं. आणि वाघीण गेल्यावर बायका झाडू घेऊन यायच्या. धक्क्यावर, रुळांमधे सांडलेलं मातेरं गोळा करायच्या, सुपानं पाखडायच्या, खडे वेचायच्या. तूर, ज्वारी, शेंगदाणे, सगळं एकात एक. त्याची मिसळ भरडून केलेली भाकरी आजीला माहीत होती, आणि तिची चव कशी होती हे विचारलं की ती विषय बदलायची. ते मातेरं उचलायला परवानगी होती का, असा प्रश्न मला एका निवृत्त साहेबांनी विचारला होता. त्यांनी तो गंभीरपणे विचारला होता.

माल चोरीला जायचा का?

जायचा. जिथं माल दोनदा हाताळला जातो तिथं घट दोनदा धरतात. व्यापाऱ्यांच्या वह्यांत घट-तूट हा रकाना तेवढ्याचसाठी. पण सगळी घट हमालाच्या नावावर मांडायची सवय होती, तिच्याशी मी सहमत नाही. उंदीर, ओल आणि सैल सुतळी यांनी खाल्लेलं कुणी मोजलं नाही.

काय काय माल असायचा?

लातूर-बार्शीकडून कापूस, रुईच्या गाठी, सरकी, तूर, हरभरा, करडई, शेंगदाणा, ज्वारी. मिरजेच्या टोकाकडून हळद आणि गूळ. येताना मीठ, रॉकेल, कापड, लोखंड आणि इंजिनांचा कोळसा. ज्या गावात गाडी थांबते त्या गावात मीठ स्वस्त, एवढा साधा हिशोब.

यातली काही रुई सोलापुरातही उतरायची. १८७७ ची जुनी गिरणी, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम. एवढ्या चात्यांना कापूस लागायचा. सोलापूरच्या माणसाला गिरणीचा भोंगा आठवतो, चिमणी आठवते. पण ती चिमणी धूर सोडत असताना आत जी रुई पिंजली जात होती ती कुठल्या रुळांवरून आली हे फारसं कुणी विचारत नाही. गिरण्या बंद पडल्या, त्यावर लिहिलं-बोललं गेलं आणि ते योग्यच झालं. माल आणणाऱ्या लाईनचा त्यात उल्लेख सापडला तर मला कळवा.

हळदीच्या दिवसांत कुर्डुवाडीचे हमाल नखशिखान्त पिवळे होऊन घरी यायचे. गल्लीतली पोरं ओरडायची, "नवरदेव आला." आजोबांनी एका पोराला त्यावरून टपली मारल्याची गोष्ट आमच्या घरात पन्नास वर्षं चालली, कारण तो पोरगा पुढं त्यांचा जावई झाला. म्हणजे माझे वडील.

निजामाच्या हद्दीतून लाईन कशी काय जायची?

बार्शी ब्रिटिश मुलखात. येडशी, तडवळे, मुरूड, लातूर हैदराबाद संस्थानात. संस्थानची स्वतःची जकात, तिला करोडगिरी म्हणत. म्हणजे लातूरचा माल मुंबईला पोचेपर्यंत एक सरहद्द ओलांडायचा, एकदा रेल्वे बदलायचा, आणि या सगळ्यात मालकी लंडनच्या कंपनीची. १९४८ पर्यंत हे असंच. आजच्या ट्रान्सपोर्टवाल्याला जीएसटीचा वैताग येतो तेव्हा मी त्याला ही हकीकत ऐकवतो. त्याचा वैताग कमी होत नाही.

वारीच्या दिवसांत मालगाड्यांचं काय व्हायचं?

बाजूला पडायच्या. आषाढी-कार्तिकीला सगळी इंजिनं, सगळी माणसं पंढरपूरच्या गाड्यांना. एकेरी लाईन, समोरून गाडी येणार असेल तर मालगाडी स्टेशनात उभी, तासन् तास. व्यापारी कुरकुर करायचे, पण मोठ्यानं नाही, कारण त्यांच्याही घरचं कुणीतरी त्याच गर्दीत असायचं. हमालांना मात्र ते दिवस कडक जायचे. माल नाही तर हजेरी नाही. आजोबा त्या पंधरवड्यात वारकऱ्यांचं सामान वाहायचे आणि म्हणायचे की पोतं बरं, ते बोलत नाही.

गाडी चालू असताना उतरून, लघवी करून, परत चढता यायचं का?

हा विनोद देशातल्या प्रत्येक छोट्या गाडीवर सांगतात. चढावर जमत असेल. मी सांगत नाही.

बार्शी लाईट आणि शकुंतला एकच का?

नाही हो. शकुंतला विदर्भातली, मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी. रुंदी तीच अडीच फूट, आणि तीही कापसासाठीच काढलेली, म्हणून गोंधळ होतो. मोठा फरक मालकीचा. बार्शी लाईट १९५४ लाच सरकारनं घेऊन टाकली. शकुंतलेची मालकी मात्र पुढं कित्येक वर्षं कंपनीकडंच राहिली.

मालवाहतूक का बंद पडली?

ट्रकमुळे, असं एका शब्दात उत्तर देतात. खोटं नाही, पण अपुरं आहे.

बार्शीच्या आडत दुकानातून निघालेला ट्रक मुंबईच्या मशीद बंदरात दारापाशी माल टाकतो. रेल्वेनं तोच माल पाठवायचा तर आधी मालधक्क्यावर न्यायचा, रेल्वे रसीद फाडायची, वाघिणीची वाट बघायची, कुर्डुवाडीला उतरवून चढवायचा, मोठ्या लाईनवर पुन्हा वाट बघायची, आणि तिकडं पोचल्यावर सोडवून घ्यायला उशीर झाला तर डॅमरेज, म्हणजे उशिराचा दंड. हमाली, वाराई, घट धरून हिशोब केला की भाडं कमी असूनही रेल्वे महाग पडायची. जोवर रस्ते वाईट होते तोवर चाललं. रस्ते सुधारले तशी एकेका मालाची पाठ फिरली. आधी नाशवंत, मग कापड-किराणा, शेवटी धान्य.

दुसरं कारण कमी बोललं जातं. साधारण १९८० नंतर रेल्वेचं मालवाहतुकीचं धोरणच बदलत गेलं. एक वाघीण, दोन वाघिणी असं सुटं गिऱ्हाईक नको. सगळी गाडी एका ठिकाणी भरा, एका ठिकाणी रिकामी करा. याला पूर्ण रेक म्हणतात. कोळसा, सिमेंट, खत यांना ते जमतं. बार्शीच्या व्यापाऱ्याची शंभर पोती त्यात कुठं बसणार? आणि छोट्या लाईनवर मोठ्या रेकला भरेल एवढा माल आला तरी तो कुर्डुवाडीला पाठीवरून किती दिवसांत जाणार? धोरण कुणाच्या वाईटावर बसून केलेलं नव्हतं. देशाच्या हिशोबानं ते बरोबरही असेल. पण त्या दिवसापासून छोटी लाईन फक्त माणसांची झाली, आणि माणसांच्या तिकिटावर ती कधीच पोसली जाणार नव्हती. ती काढली होती कशासाठी ते वर सांगितलंच आहे.

लाईन नेमकी कधी संपली?

एका दिवशी नाही. १९९२ ला सगळीकडं एकच गेज करायचं धोरण आलं. आधी कुर्डुवाडी-पंढरपूर मोठं झालं. २००७ ला लातूर-उस्मानाबाद (आजचं धाराशिव), २००८ ला उस्मानाबाद-कुर्डुवाडी आणि शेवटी २०१० च्या सुमारास पंढरपूर-मिरज. शेवटच्या गाडीला लोकांनी हार घातले, नारळ फोडले, इंजिनाला हळद-कुंकू लावलं. शेवटच्या मालगाडीला कुणी हार घातला नाही. ती शेवटची आहे हे ती जाताना कुणालाच माहीत नव्हतं.

ब्रॉडगेज झालं ते वाईट झालं, असं म्हणायचंय का?

मुळीच नाही. लातूरहून रात्री बसलं की सकाळी मुंबई. कुर्डुवाडीच्या फलाटावर रात्री दोनला पोरंबाळं, गाठोडी घेऊन गाडी बदलणं ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. आजोबांच्या मणक्याचा फोटो डॉक्टरांनी उजेडात धरून दाखवला होता. टान्शिप बंद झालं हे चांगलंच झालं. ते होतं, एवढं लोकांना ठाऊक असावं.

मग यार्डातल्या हमालांचं काय झालं?

काही बाजार समितीत गेले, काही साखर कारखान्यांच्या गोदामांवर. काहींची मुलं रेल्वेच्या कारखान्यात लागली. कुर्डुवाडीचा तो कारखाना बार्शी लाईटच्या काळापासूनचा, आणि अजून आहे. पुष्कळ जण तसेच म्हातारे झाले. हमाल हा रेल्वेचा नोकर नसायचा, ठेकेदाराचा असायचा. त्यामुळे पेन्शन नाही, पास नाही, निरोप समारंभ नाही. गाडी बंद झाल्यावर गार्ड-ड्रायव्हर दुसऱ्या गाडीवर गेले. यांच्यासाठी दुसरी गाडी नव्हती.

आजोबांचा हूक आमच्याकडं आहे. लाकडी मूठ घासून घासून काळी झालीय, बोटांच्या जागी खळगे पडलेत. माझी बोटं त्या खळग्यांत बसत नाहीत, त्यांचा पंजा मोठा होता. सध्या तो आईच्या स्वयंपाकघरात कांद्याची जाळी अडकवायच्या कामी आहे.

लातूरची पाण्याची रेल्वे याच लाईनवरून गेली का?

हो! हे विचारणारा भेटला की मला आनंद होतो. एप्रिल २०१६, उजनी धरण मायनसमध्ये (मृतसाठ्याच्याही खाली), लातूरच्या नळांना पाणी नाही. तेव्हा मिरजेहून भरलेली गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला गेली. पहिल्या खेपेला दहा टँकर-वाघिणी, पाच लाख लिटर; १२ एप्रिलला पोचली. पुढं पन्नास वाघिणींच्या गाडीनं एका खेपेला पंचवीस लाख लिटर. अंतर ३४२ किलोमीटर. म्हणजे धाराशिवचा नवा वळसा सोडला तर बार्शी लाईट या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आता हिशोब करा. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, नुसतं पाणीच पन्नास टन. कॅलथ्रॉपच्या लाईनवर वाघीण धरून वीस टन. आणि कुर्डुवाडीला पाणी पाठीवर घेऊन पलीकडं कसं नेलं असतं? त्या आठवड्यात मी मुद्दाम कुर्डुवाडीला गेलो होतो. गाडी थांबली ती इंजिन-गार्डच्या कामापुरती, आणि निघाली. यार्डाच्या कुंपणापाशी उभे असलेले दोन म्हातारे वाघिणी मोजत होते, त्यातला एक दर वाघिणीला बोट दुमडत होता. पन्नास झाल्यावर तो म्हणाला, "एकबी पोतं उतरलं नाही बघ."

आज तिथं काय बघायला मिळेल?

बार्शीच्या स्टेशनचं नाव अजून 'बार्शी टाऊन' आहे. हा 'टाऊन' बार्शी रोडपासून वेगळं ओळखायला लावलेला. आता बार्शी रोड राहिलं नाही, टाऊन राहिलंय. पुष्कळ ठिकाणी नवी लाईन जुनीच्याच अंगानं जाते, त्यामुळे काही दिसत नाही. वेगळी वाट बघायची असेल तर पांगरी आणि येडशीच्या मधे जा. जुनी लाईन इथं रामलिंगाच्या बाजूनं बालाघाट चढायची. नवी लाईन धाराशिव शहराला धरून वळसा घेऊन येडशीला येते. जुना मातीचा भराव काही ठिकाणी ओळखू येतो. डोंगरात एवढी सरळ, एवढ्या हळू चढणारी पट्टी निसर्ग करत नाही. शेतकऱ्यांनी काही ठिकाणी तो नांगरलाय, काही ठिकाणी बैलगाडीची वाट केलीय. पावसाळ्यात जाऊ नका म्हणणार होतो, पण रामलिंगचा धबधबा पावसाळ्यातच असतो, तेव्हा जा आणि बूट घाला.

रुळांचे तुकडे, खिळे विकत मिळतात का?

मला विचारू नका. रेल्वेचं लोखंड रेल्वेचं असतं.

आमच्या घरात जुनी बिल्टी (माल पाठवल्याची रेल्वेची पावती) सापडलीय. तिचं काय करू?

आधी फोटो काढा, पुढून-मागून दोन्ही. मागच्या बाजूला बहुतेक वेळा पेन्सिलीनं खरा हिशोब असतो. किती पोती, किती घट, हमाली किती. पुढं छापलेलं सगळीकडं सारखं असतं, मागचं फक्त तुमच्या घरचं. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. टेपचा डिंक दहा वर्षांत कागद पिवळा करून खातो. घड्या हलक्या हातानं उलगडा, कसर लागली असेल तर मऊ ब्रशनं झाडा, आणि साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात आडवी ठेवा. पाकिटावर पेन्सिलीनं लिहा, कुणाची, कुठल्या ट्रंकेत सापडली. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर तो कागद आज संध्याकाळीच त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसून ऐका. वाचता येत नसेल तरी द्या. आमच्या आजीला वाचता येत नव्हतं. तिनं बिल्टीचा वास घेतला आणि म्हणाली, हळदीची आहे.